चित्रातून उठून गेलेला फकीर

एक होता बादशहा. तापीच्या काठी त्याचं शहर होतं. शहराला तट होता, तटाला दरवाजे होते आणि दरवाज्यांशी हत्ती झुलत होते. बादशहाचं नाव काय, असं तुम्ही विचाराल. पण बादशहांची नावं फार लांबलचक असतात. ती ऐकता ऐकताच तुम्ही झोपाल आणि गोष्ट राहून जाईल. म्हणून आपण त्याला नुसतं बादशहा म्हणू.

तर या बादशहाला तीन गोष्टींचा अभिमान होता. एक त्याचा हत्तीखाना. दुसरी त्याची डाळिंबांची बाग. आणि तिसरा, सर्वांत मोठा अभिमान, त्याचा तसवीरखाना. तसवीरखाना म्हणजे चित्रं काढण्याचं लांबच लांब दालन. त्याच्या खिडक्या सगळ्या उत्तरेला, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. खिडक्यांशी ओळीनं चितारी मांडी घालून बसलेले. आणि बरं का, तिथं एका चित्रावर एकटा माणूस कधी काम करत नसे. एक जण नुसत्या रेषा आखी. मग दुसरा झाडं आणि डोंगर रंगवी. मग तिसरा कपड्यांवरची वेलबुट्टी भरी. आणि सगळ्यांच्या शेवटी ते चित्र जाई चेहरे काढणाऱ्याकडे. चेहरा नीट जमला तर बाकीच्यांची मेहनत सार्थकी लागायची, नाहीतर सगळीच वाया. म्हणून चेहरे काढणाऱ्याची बैठक सर्वांत चांगल्या खिडकीशी असे, आणि चित्राखाली नाव लिहिलं जाई तेही त्याचंच.

या बैठकीवर उस्ताद बरकत बसत. त्यांना एकच मुलगी, मेहरू. मेहरू लहानपणापासून वडिलांच्या गुडघ्याशी बसून शिकली. आधी रंग खलायला शिकली. मग खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले बांधायला शिकली. मग कान काढायला, मग ओठ काढायला, आणि सर्वांत शेवटी डोळे. उस्ताद म्हातारे झाले, त्यांचा हात कापायला लागला, तेव्हा चेहरे मेहरूच काढू लागली. सगळ्या तसवीरखान्याला हे माहीत होतं. नाव मात्र उस्तादांचं पडे, आणि मेहरूला त्यात काही वावगं वाटत नसे. वडिलांचं नाव तर होतं.

मग एके दिवशी उस्ताद बरकत अल्लाला प्यारे झाले आणि बैठक रिकामी पडली.

तसवीरखान्यावर एक दरोगा होता, म्हणजे तिथला मुख्य अधिकारी. त्याला एक भाचा होता. दरोग्याच्या मनात बैठक भाच्याला द्यायची होती. तो म्हणू लागला की बाईमाणसानं दरबारी पुरुषांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचं, हे काही बरं दिसत नाही. मेहरूनं ऐकून घेतलं. ती वडिलांच्या बैठकीवर जाऊन बसली आणि अर्धवट राहिलेल्या एका बहिरी ससाण्याचा डोळा पुरा करायला लागली.

नेमका तेव्हाच बादशहा तसवीरखान्यात आला. सगळे चितारी उठून उभे राहिले. मेहरू उठली नाही. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दरोग्याला मनातून आनंद झाला. पण त्या तसवीरखान्याचा एक जुना नियम होता, बादशहाच्या आजोबांनी घालून दिलेला. ज्याचा कुंचला डोळ्यावर टेकलेला आहे त्यानं कोणासाठीही उठायचं नाही. कारण ओली रेषा मध्येच सोडली तर तिला सांधा पडतो, आणि सांधा पडलेला डोळा मेलेला दिसतो. बादशहाला हा नियम ठाऊक होता. तो उभा राहिला. ससाण्याचा डोळा पुरा झाला. मग मेहरू उठली आणि तिनं वाकून सलाम केला.

बादशहानं ससाणा पाहिला. मग दरोग्याचं म्हणणं ऐकलं. मग तो म्हणाला, ‘‘गेल्या हिवाळ्यात आम्ही चिंचेखालच्या फकिराला भेटायला गेलो होतो. ती भेट चित्रात हवी. जशी झाली तशी. मेहरूनं एकटीनं काढावी. चित्र उतरलं तर बैठक तिची. नाही उतरलं तर दरोग्याच्या भाच्याची.’’

मेहरू म्हणाली, ‘‘हुजूर, चित्र पसंत पडलं की नाही हे हुजूर ठरवतील. खरं उतरलं की नाही हे मी ठरवीन.’’

मेहरूला वडिलांची बैठक मिळणार होती की नव्हती ते माहीत नाही, पण ताठा मात्र पुरेपूर मिळाला होता. बादशहा नुसता हसला आणि गेला.

आता हा फकीर कोण, ते सांगते. शहरापासून लांब, काटेरी रानात, जिथं बोरी-बाभळींमधून वाट जाते, तिथं एक मोठी चिंच होती. तिच्याखाली तो बसे. त्याचं काम एकच. वाटेनं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांतले काटे काढायचं. मेंढपाळ येत, लाकूडतोडे येत, खेचरवाले येत. तो पाय मांडीवर घेई, सुई घेई आणि काटा काढी. काटा काढताना तो ओठांतल्या ओठांत एक नाव घेई. कुणाचं नाव, ते कोणालाच ऐकू येत नसे. हिंदू म्हणत तो जोगी आहे, मुसलमान म्हणत तो फकीर आहे. तो दोघांनाही ओ देई आणि दोघांचेही काटे काढी. लोक त्याला काटेबाबा म्हणत.

मेहरूनं काटेबाबाला कधी पाहिलं नव्हतं. पण तिला त्याची काळजी वाटली नाही. वडिलांच्या पेटीत एक चरबा होता. चरबा म्हणजे हरणाच्या कातड्याचा पातळ तुकडा, त्यावर चित्राच्या रेषेरेषेवर सुईनं बारीक भोकं पाडलेली. तो कागदावर ठेवायचा, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची, की खाली कागदावर ठिपक्याठिपक्यांचा माणूस उमटतो. उस्तादांच्या त्या चरब्यात एक संत होता. लांब दाढी, उंच कपाळ, अर्धे मिटलेले डोळे. आजवर तसवीरखान्यात जेवढे साधू, जोगी, फकीर निघाले, तेवढे सगळे याच एका चरब्यातून निघाले होते. दाढी कमीजास्त करायची, झालं. मेहरूनं विचार केला, फकीर तो फकीर. तिनं चरबा काढला आणि पुरचुंडी थोपटली.

मग दौलताबादेच्या गुळगुळीत कागदावर चिंच उगवली. डोंगर उभे राहिले. बादशहा आला, त्याच्यावर छत्र आलं. त्याचा चेहरा मेहरूनं नियमाप्रमाणे एका बाजूनं काढला, एक डोळा, एक कान, कानात मोती. आणि चिंचेखाली तिनं उस्तादांच्या चरब्यातला संत रंगवला. फार सुरेख उतरला. तिचं तिलाच कौतुक वाटलं.

मग चित्र घोटायला गेलं. घोटाई कशी करतात ठाऊक आहे? चित्र गुळगुळीत शिळेवर पालथं टाकायचं आणि पाठीमागून अकीकाच्या दगडानं घासायचं. म्हणजे रंग कागदात मुरतो आणि वर चकाकी येते. घोटाईचं काम विठोजीकाकांकडे होतं. विठोजीकाका अंगानं आडवे आणि जिभेनं सैल. त्यांनी घोटलं. मग त्यांनी चित्र उलटलं. मग त्यांनी मेहरूला हाक मारली.

‘‘मेहरूबी, जरा ये इकडं. तुझा फकीर उठून गेलाय.’’

मेहरू आली. तिनं पाहिलं. चिंच होती, डोंगर होते, बादशहा होता. फकिराच्या जागी कोरा कागद होता. चटई होती, तिच्यावर बसलेल्याची सावलीही होती. बसणारा नव्हता.

आता चित्रातला माणूस कुठं उठून जातो का? मेहरूचाही विश्वास बसला नाही. ती शहाणी मुलगी होती, तिनं सगळं तपासून पाहिलं. डिंक कमी पडला असेल म्हणून चिंचेवर ओलं बोट घासलं. रंग सुटला नाही. विठोजीकाकांचा दगड खिडकीशी नेऊन पाहिला. रंग खरवडला गेला असता तर तो दगडाला किंवा शिळेला लागला असता. दगड स्वच्छ होता, शिळाही स्वच्छ होती. कागद हातानं चाचपला. तो तिथं इतका गुळगुळीत होता की त्याच्यावर कधी कुंचला टेकलाच नव्हता असं वाटावं.

‘‘काका, तुम्ही काही केलंत का?’’

‘‘मी बायकोला घाबरतो, फकिराच्या वाटेला कशाला जाऊ?’’ विठोजीकाका म्हणाले.

दरोग्याला कळायला वेळ लागला नाही. तो भाच्याला घेऊन आला, आणि भाचा बैठकीच्या खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला, जसं काही उजेड कसा आहे ते त्याला आताच ठरवायचं होतं. मेहरूनं नवा कागद मागून घेतला.

या वेळी तिनं ठरवलं, चरबा नको. जे त्या दिवशी तिथं होते त्यांनाच विचारायचं. मग ती वजिराकडे गेली. वजीर म्हणाला, हुजूरना पाहताच फकीर लगबगीनं उठला. मग ती छत्र धरणाऱ्याकडे गेली. छत्र धरणारा म्हणाला, फकीर उठला तर खराच, पण कमरेत वाकलाही. मग ती घोडेस्वारांच्या सरदाराकडे गेली. सरदार म्हणाला, वाकला म्हणजे काय, हुजूरच्या जोड्यावर त्यानं कपाळच टेकलं, आणि त्याच्या मस्तकामागं सोन्यासारखं तेज फाकलं होतं. तिघांनी तीन पायऱ्यांनी फकिराला खाली आणलं. प्रत्येक जण बोलताना दाराकडे बघत होता, ही गोष्ट मेहरूच्या ध्यानात आली. पण तिनं ती तेवढ्यावरच सोडली. आणि बादशहाला विचारावं, हे तर कोणाच्या मनातही आलं नाही. बादशहाला कोण काय विचारणार?

मग तिनं दुसरं चित्र काढलं. फकीर बादशहापुढं वाकलेला. मस्तकामागं खऱ्या सोन्याची प्रभावळ, गोल, झळझळीत. दरोग्यानं पाहून मान डोलावली. म्हणजे त्यालाही ते आवडलं, आणि त्यामुळंच मेहरूला ते थोडंसं कमी आवडलं.

चित्र पालथं पडलं. विठोजीकाकांनी घोटलं. मग उलटलं.

फकीर नव्हता. प्रभावळ मात्र होती. भिंतीला ताट टांगावं तशी ती हवेत अधांतरी लटकत होती, आणि बादशहा त्या रिकाम्या सोनेरी ताटाकडे मोठ्या प्रेमानं बघत होता.

‘‘सोनं ठेवून गेला,’’ विठोजीकाका म्हणाले. ‘‘प्रामाणिक माणूस दिसतो.’’

मेहरूला हसू आलं नाही. दरोग्यानं निरोप पाठवला की आता आणखी एक कागद मिळेल आणि तो शेवटचा. भाच्यानं आपली रंगांची शिंपली आणून बैठकीच्या कडेला मांडून ठेवली. मेहरूनं ती शिंपली पाहिली. मग तिनं ओढणी डोक्यावरून घेतली, कोळशाची कांडी आणि थोडे कागद घेतले आणि ती निघाली. विठोजीकाकांच्या छकड्यातून रान येईपर्यंत गेली. पुढं काटेच काटे. छकडा जाईना. मग ती चालत गेली.

चिंच दिसली. चिंचेखाली एक माणूस दिसला. दाढी लांब नव्हती, कशीतरी कापलेली होती. कपाळ उंच नव्हतं. अंगावर मातकट पंचा, दंड उन्हानं काळेभोर. एका मेंढपाळणीचा पाय त्याच्या मांडीवर होता. हातात सुई होती.

मेहरू समोर जाऊन उभी राहिली. त्यानं वर पाहिलं नाही. तिनं घसा खाकरला. त्यानं वर पाहिलं नाही. तिनं सांगितलं की मी उस्ताद बरकत यांची मुलगी, बादशहांच्या तसवीरखान्यातून आले आहे. तरी त्यानं वर पाहिलं नाही. मेहरूच्या नाकाचा शेंडा लाल झाला. इतका उर्मटपणा तिनं कुठं पाहिला नव्हता. परत फिरावं असं तिच्या मनात आलं.

पण ती चितारीण होती. राग आला तरी तिचे डोळे काम करतच होते. तिनं पाहिलं, तो श्वास अर्धा घेऊन थांबला आहे. तिनं पाहिलं, सुईचं टोक कातडीखाली काट्याच्या कडेला लागलं आहे. या क्षणी मान हलली तर काटा आत मोडेल. आणि मग तिला समजलं. डोळ्यावर कुंचला टेकलेला असताना ती बादशहासाठी उठली नव्हती. मग हा तिच्यासाठी का उठेल? आणि हा बादशहासाठी तरी का उठला असेल?

मेहरू गुपचूप मेंढपाळणीच्या मागं जाऊन जमिनीवर बसली.

काटा निघाला. मेंढपाळणीनं पाय झाडला, बाबाला एक कांदा दिला आणि ती मेंढ्यांमागं गेली. मग काटेबाबानं हात पुढं केला. ‘‘कुठल्या पायात?’’

‘‘काटा नाही, बाबा. मी तुमचं चित्र काढलं होतं. तुम्ही त्यातून उठून गेलात. एकदा नाही, दोनदा.’’

बाबा हसला. त्याचा पुढचा एक दात नव्हता. तो म्हणाला, ‘‘लेकी, मी तुझ्या चित्रात आलोच कधी होतो, की उठून जाईन?’’

मेहरूनं खाली पाहिलं. चरब्यातला संत हा नव्हता, आणि वाकलेला तो फकीरही हा नव्हता. ज्याला तिनं पाहिलंच नव्हतं त्याला तिनं चित्रात बसवलं होतं, आणि वर त्याला जाब विचारायला आली होती.

मग तिनं विचारलं, बादशहा आले होते तेव्हा काय झालं? बाबा जरा आठवू लागला. त्याला तोंडं लक्षात राहत नसत, पावलं लक्षात राहत. त्यांची पावलं कशी होती, बाबानं विचारलं. मेहरूनं सांगितलं, मऊ असतील, कधी अनवाणी न चाललेली. हां, मग ते आले होते, बाबा म्हणाला. एका खेचरवाल्याचा काटा काढणं चाललं होतं, खोल गेलेला, जुना. ते मऊ पावलांचे गृहस्थ मागं बसून राहिले होते. बराच वेळ. त्यांची पाळी आली तेव्हा पाय मांडीवर घेऊन पाहिला, काही नव्हतं. तसं सांगितलं. ते उठून गेले.

‘‘त्यांना आणखी काही नाही सांगितलंत? उपदेश वगैरे?’’

‘‘काटाच नव्हता, तर सांगायचं काय?’’ बाबा म्हणाला, आणि तेवढ्यात एक लाकूडतोड्या लंगडत आला, तेव्हा बाबाची मान पुन्हा खाली गेली.

मेहरूनं कोळशाची कांडी काढली. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात एक मोठी अडचण आली. ती चेहरे काढणारी. तिची परीक्षा चेहऱ्याची. आणि या माणसाचा चेहरा सतत खाली. दिसत काय होतं? डोक्यावरचा भोवरा. एक कान. भुवईची कड. नाकाचा शेंडा, आणि सुईवर खिळलेला अर्धा डोळा. एवढ्यावर तिला बैठक जिंकायची होती. याला जरा वर पाहायला सांगावं, एवढाच एक क्षण, असं तिला वाटलं. तिनं सांगितलं नाही. लाकूडतोड्याच्या पायातला काटा अजून निघायचा होता.

ऊन कलेपर्यंत ती रेषा काढत राहिली. घरी परतली, आणि शेवटचा कागद तिनं फळीवर ताणला.

या चित्रात मधोमध कोण होतं, सांगू? खेचरवाल्याचं पाऊल. भेगाळलेलं, धुळीचं, मोठं. त्या पावलावर वाकलेला काटेबाबा, अर्ध्या डोळ्याचा. प्रभावळ नाही. बाबाच्या मागं चिंच. खेचरवाल्याच्या मागं त्याचं खेचर, कंटाळलेलं. आणि खेचराच्याही मागं, जमिनीवर मांडी घालून, आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला बादशहा. त्याच्यावर छत्र होतं, कानात मोती होता. मेहरूनं त्याचा मान तसूभरही कमी केला नाही. त्याला फक्त तो जिथं होता तिथं बसवलं.

दरोग्यानं ते पाहिलं आणि त्याचा आवाज बसला. हुजूर खेचराच्या मागं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग तो जरा सावरला आणि समजुतीनं बोलू लागला. खेचर काढून टाक. नाहीतर खेचरवाल्याला मागं कर आणि हुजूरना पुढं घे. एवढं केलंस तर मी स्वतः तुझी शिफारस करीन, भाच्याला समजावीन. हे तो मनापासून बोलत होता, कारण आता त्यालाही भीती वाटत होती. मेहरूनं क्षणभर बैठकीकडे पाहिलं. वडिलांच्या बसण्यानं तिथली फरशी गुळगुळीत झाली होती. तिला ती बैठक फार हवी होती.

ती म्हणाली, ‘‘दरोगासाहेब, खोटं काढून ही बैठक मिळाली, तर तिच्यावर बसून मी पुढं काय काढू?’’

आणि तिनं चित्र उचलून विठोजीकाकांच्या शिळेवर पालथं टाकलं.

काकांनी घोटायला सुरुवात केली. दगड कागदावर फिरत होता, सर्र सर्र, आणि सगळे चितारी आपली कामं सोडून शिळेभोवती जमले होते. घोटाई झाली. काकांनी कागदाची कड धरली, डोळे गच्च मिटले आणि मेहरूला म्हणाले, तूच बघ, मी नाही बघत. मेहरूनं चित्र उलटलं.

काटेबाबा होता.

भोवरा होता, कान होता, अर्धा डोळा होता. तो जिथं बसवला होता तिथंच बसला होता, आणि आपलं काम करत होता. रंगांना अशी चकाकी आली होती की खेचरवाल्याच्या टाचेवरची धूळसुद्धा बोटाला लागेल असं वाटत होतं. विठोजीकाकांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. मेहरूनं हळूच पाहिलं, आणि तिला दिसलं की बाबाचे ओठ जरासे विलग झाले आहेत. तिनं ते मिटलेले काढले होते. तो नाव घेत होता. कुणाचं, ते चित्रातही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. वजीर होता, छत्र धरणारा होता, घोडेस्वारांचा सरदार होता. चित्र बादशहाच्या हातात गेलं. दरोग्यानं आधीच हात जोडून सांगून टाकलं की या मुलीनं हुजूरना खेचराच्या मागं बसवलं आहे, मी नको म्हणालो होतो.

बादशहा चित्र पाहत राहिला.

मग त्यानं विचारलं, ‘‘फकिराचा चेहरा कुठं आहे?’’

मेहरूनं उलट विचारलं, ‘‘हुजूरना त्या दिवशी दिसला होता का?’’

‘‘नाही,’’ बादशहा म्हणाला. ‘‘भोवराच दिसला होता.’’ मग त्यानं चित्र जरा जवळ धरलं. ‘‘पण एक चूक आहे.’’

दरोग्याच्या भाच्यानं मान उंचावली.

‘‘आमच्या पुढं दोघं होती,’’ बादशहा म्हणाला. ‘‘खेचरवाला आणि एक म्हातारी. डोक्यावर गोवऱ्यांची पाटी होती तिच्या. पाटी खाली ठेवायला तिला आम्हीच हात दिला होता. ती कुठं आहे?’’

वजिरानं खाली पाहिलं. छत्र धरणाऱ्यानं वर पाहिलं. सरदारानं कुठं पाहावं ते त्याला सुचेना.

मेहरूनं सांगितलं की बाबांच्या लक्षात खेचरवालाच राहिला होता, आणि जे तिथं होते त्यांनी म्हातारीचं नाव काढलं नाही. बादशहा म्हणाला, तिघांना विचारलंस, मला का नाही विचारलंस? मेहरू म्हणाली, चुकलं. एवढंच म्हणाली. जिथं चुकलं तिथं चुकलं म्हणायला तिला कमीपणा वाटत नसे.

मग बादशहानं भर दरबारात सांगितलं. माझ्या पायाला आजवर पुष्कळांनी हात लावला, तो म्हणाला, आणि हात लावणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. त्या माणसानं पाय मांडीवर घेतला, काटा आहे का ते पाहिलं, नाही म्हटल्यावर हळूच खाली ठेवला आणि पुढच्याला बोलावलं. मी इतक्या लढाया जिंकलो. पण त्या दुपारी मी माझ्या पाळीची वाट पाहत शांत बसलो होतो, ती गोष्ट मला त्या सगळ्यांहून मोठी वाटते. म्हणून मला हे चित्र हवं होतं. त्या म्हातारीला चित्रात घे.

मेहरूनं चित्राकडे पाहिलं. तिनं मनातल्या मनात मोजमाप घेतलं. मग ती म्हणाली, ‘‘हुजूर, जागा नाही. खेचरामागं लगेच हुजूर बसले आहेत, आणि हुजूरच्या मागं कागदाची कड आली.’’

‘‘मग मला सरकव,’’ बादशहा म्हणाला.

मेहरू तिथंच बसली. दरबारातच तिला पाणी आणि रंग आणून दिले. तिनं ओल्या कापसानं बादशहा पुसला आणि कडेशी नेऊन पुन्हा काढला. म्हातारी आली, तिची पाटी आली. बादशहाचा एक गुडघा चित्राच्या कडेच्या सोनेरी पट्टीखाली गेला. छत्र अर्धंच मावलं. बादशहाचा डोळा काढायची वेळ आली, तेव्हा कोणीतरी बाहेरून मोठा सरदार आल्याची वर्दी दिली. मेहरूनं मान वर केली नाही. आणि बादशहानं वर्दी देणाऱ्याला बोटानं खूण केली की थांब, डोळा चालला आहे.

चित्राखाली नाव पडलं, मेहरू. वडिलांचं नाही, कोणाच्या मुलीचं नाही, नुसतं मेहरू. बैठक तिची झाली. भाच्याला आकाश रंगवण्याचं काम मिळालं, आणि खरं सांगायचं तर तो आकाश चांगलं रंगवी. दरोगा दरोगाच राहिला. वजीर, छत्र धरणारा आणि सरदार यांना बादशहा कधी काही बोलला नाही, पण ते चित्र त्यानं त्यांच्या बसायच्या जागेसमोरच ठेवलं. पुढं मेहरूनं पुष्कळ साधू, पुष्कळ फकीर काढले. प्रत्येकाला आधी जाऊन पाहिलं. कोणाचं नाक वाकडं निघालं, कोणाच्या पाठीला पोक निघालं, एक तर सारखा शिंकत होता. पण त्यातला एकही उठून गेला नाही.

काटेबाबा चिंचेखाली बसून राहिला आणि त्याच्याकडे लंगडत आलेला प्रत्येक माणूस धड चालत घरी गेला. मेहरू आपल्या खिडकीशी सुखात राहिली, बादशहा चित्राच्या कडेला सुखात राहिला. सगळे आपापल्या जागी नीट आहेत. आता तुम्हीही आपापल्या जागी नीट पडा पाहू. दिवा मी मालवते.